गुणाजीचे कान

मल्लेशम मास्तरांसमोर कुणाला गाढव म्हणायची सोय नव्हती.

हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष असेल. सोलापूरच्या पूर्व भागात चादरींचा एक कारखाना होता, तिथं मी पत्रव्यवहाराची कारकून म्हणून लागले होते. हमालानं जेऊरचा गठ्ठा माढ्याच्या गाडीत चढवला आणि मी ऑफिसच्या दारातून ओरडले, "गाढवा, चिठ्ठी तरी वाच."

मागच्या खोलीतून एक बुटका, काटक माणूस बाहेर आला. कानावर पेन्सिल, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग.

"अवो बाई, गाढवानं काय वाकडं केलंय तुमचं?"

"मी याला म्हणतेय."

"ते कळलं की. याला म्हनायचं तर मानूस म्हना. चुकीच्या गाडीत गठ्ठा मानूस चढवतंय. गाढव रोजच्या वाटंनं बरोबर जातंय."

एवढं बोलून ते आत गेले. हमाल खाली मान घालून हसत होता. मला राग आला होता. पुढं कळलं की मास्तर स्वतः शिवी द्यायची वेळ आली की "मानूस" एवढंच म्हणत. फारच संतापले तर "शुद्ध मानूस". आणि ते दिवसातून चार-पाच वेळा संतापतच. कारखान्यात लोक त्या शब्दाला खरोखर टरकून होते.

मास्तर कारखान्याचे नक्षीकार होते. चादरीवर मोर दिसतो, गुलाब दिसतो, तो मागावर आपोआप उमटत नाही. आधी तो चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. एक घर म्हणजे एक धागा. मग त्या कागदावर बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ते पुठ्ठे दोऱ्यानं एकाला एक बांधून त्यांची लांबलचक माळ करतात. ती माळ मागाच्या डोक्यावर फिरते. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. मोराच्या एका पिसाऱ्यासाठी मास्तर महिनाभर त्या कागदावर वाकलेले असायचे. दुपारी डोळ्यांतून पाणी यायचं, ते बाहीला पुसायचे आणि पुन्हा वाकायचे. आज सोलापुरी चादरीच्या कलेवर लोक भाषणं करतात. चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव असतं, मालकाचं असतं. मोर कुणी काढला हे विचारलेलं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.

आयुष्य घरांत मोजायची त्यांना सवयच लागली होती. "बाई, खुर्ची दोन घरं डावीकडं घ्या, उजेड अडतोय." कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तर नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी म्हणत, "गनपती एक घर तिरका छापलाय." घरात तेलुगू, बाजारात दखनी, कारखान्यात मराठी. भांडण मात्र तिन्हीत सारखंच करत.

आणि त्यांच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे. त्यात गुणाजी.

हा गुणाजी म्हणजे एक गाढव. स्वातंत्र्याच्या आधी कधीतरी एका चहाच्या कंपनीनं पुड्यात चित्रांचे पत्ते घालायला सुरुवात केली होती. साधारण काड्यापेटीच्या दुप्पट आकार. प्रत्येक पत्त्यावर हे गाढव दोन पायांवर उभं राहून एकेक धंदा करतंय. शिंपी गुणाजी, न्हावी गुणाजी, पोस्टमन गुणाजी, स्टेशनमास्तर गुणाजी. मागं आकडा आणि चहाची जाहिरात. एकूण छत्तीस. कंपनी केव्हाच बंद पडलेली, पत्ते लोकांच्या घरात कुठंकुठं अडकून राहिलेले, आणि मास्तर वीसेक वर्षं ते गोळा करत होते. मी आले तेव्हा पस्तीस जमले होते.

मी सरळ विचारलं, "मास्तर, गाढवच का? ससे, अस्वलं कितीतरी असतात."

त्यांनी शिंपी गुणाजी माझ्यासमोर ठेवला. "तोंड बघा त्याचं."

गाढवाच्या नाकावर चष्मा, तोंडात सुई, कपाळाला आठ्या. दोन लांब कान पुढं झुकलेले, कापडावर लक्ष लावून.

"हसतंय का?"

"नाही."

"बाकी समदी चित्रातली जनावरं फुकट हसत असतात. दात काढून. ह्यो हसत न्हाय. काम करताना कुनी हसतंय व्हय? त्याचं ध्यान त्याच्या कानात हाय. कान बघा, सुईकडं गेलेत."

मी पुन्हा पाहिलं आणि ते खरं होतं. न्हावी गुणाजीचे कान वस्तऱ्याच्या बाजूला वळलेले, स्टेशनमास्तरचे ताठ, गाडीची चाहूल घेणारे. चित्र काढणारा कोण होता कुणास ठाऊक, पण त्यानं त्या जनावराचा सगळा स्वभाव कानांत ठेवला होता. मास्तरांशिवाय हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

गोळा करायची त्यांची पद्धतही भांडखोरच होती. दर मंगळवारी बाजारात भंगारवाल्यांच्या ओळीत जायचं. मी एकदा लोखंडी कढई घ्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. एक म्हातारा भंगारवाला लांबूनच ओरडला, "मास्टर, आज बी तुम्हारा गधा नै आया. बोलो तो मेरे जमाई को भेजूं?" आजूबाजूचे सगळे हसले. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "जमाई काम करता क्या?" "नै करता." "फिर नै होना. मेरा गधा काम का है."

एका बाईनं पाणीवाला गुणाजी पिठाच्या डब्याच्या झाकणाला खळीनं चिकटवला होता. मास्तरांनी तिच्या चुलीवर पाणी उकळून, वाफेवर झाकण धरून, दुपारभर बसून तो पत्ता सोडवला. बदल्यात तिला चौकटीच्या कागदावर रांगोळीचे सात नमुने काढून दिले. ती म्हणाली, "एका गाढवासाठी एवढं?" मास्तर म्हणाले, "मोरासाठी एवढं दिलं नसतं."

राहिला होता एकोणतीस नंबर. मास्तरांची पक्की खात्री होती की एकोणतीस म्हणजे विणकर गुणाजी. मागावर बसलेला. "दुसरा असूच शकत न्हाय. धोबी हाय, शिंपी हाय, रंगारी हाय. विणकर कसा नसंल?" मागच्या दोन पिढ्या मागावर गेलेल्या माणसाचं ते गणित होतं. कारखान्यातल्या विणकरांनाही हे माहीत होतं. माग बंद पडला की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, एकोणतीस नंबरला बोलवा, जुळवणी करून जाईल."

तो पत्ता मला सापडला. माढ्याला मावशीकडं गेले होते. तिच्या ट्रंकेत जुनी पोथी होती, त्यात खूण म्हणून घातलेला. मागं आकडा एकोणतीस. मी चित्राकडं पाहिलं आणि मला तिथंच वाटलं की हा पुन्हा पोथीत ठेवून द्यावा. पण मी व्यवहारी बाई आहे. वस्तू ज्याला हवी आहे त्याला द्यावी, एवढंच मला कळतं. सोमवारी तो मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

एकोणतीस नंबरचा गुणाजी बँडवाला होता. लाल कोट, तोंडात क्लॅरिनेट.

मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. उलटा केला, आकडा पाहिला. पुन्हा चित्र. मग पत्ता डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि पुन्हा कागदावर वाकले. मोराच्या पिसाऱ्यात पहिल्यांदाच चूक झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"छत्तीस धंदे काढले, बाई. धोबी काढला. तो कापड धुतोय. शिंपी काढला. तो शिवतोय. बँडवाल्याला कोट दिला, पोस्टमनला टोपी दिली. ती कापडं आली कुटनं? आभाळातनं पडली?"

"चित्रकाराला सुचलं नसेल."

"सुचलं न्हाय," ते म्हणाले. "तेच म्हनतोय मी. कुनाला सुचतच न्हाय."

इतका संतापलेला आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता, आणि ते ओरडतही नव्हते. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या कागदावर काम सुरू केलं. सदतिसावा पत्ता.

चार महिने लागले. जेवणाचा डबा संपवायला त्यांना दहा मिनिटं पुरत, उरलेल्या वेळात घरं भरायची. नेहमीची नक्षी कारखान्याच्या वेळात, गुणाजी सुट्टीत, यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मालक म्हणाले की कारखान्याच्या वेळात काढलेलं चित्र कारखान्याचं असतं. पुठ्ठ्यांना भोकं पाडणारा नागेश मास्तरांचा एरवीचा शिव्या खाणारा माणूस. त्यानं ते काम रविवारी येऊन करून दिलं. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या विणकरानं आपल्या मागावर माळ चढवली.

चादर मागावरून उतरली तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. निळ्यावर पांढरा गुणाजी, मागावर बसलेला, पाय खड्ड्यात, हात धोट्याच्या दोरीवर. कपाळाला आठ्या. डोक्याच्या वर दोन कान, ते चांगले वीतभर, आणि डावा कान टोकाला वाकलेला, धाग्यांच्या दिशेनं. तुटलेल्या धाग्याचा आवाज ऐकू यावा तसा. दोन्ही काठांवर खालपासून वरपर्यंत एक वेल, कुठंही न थांबणारी. चादर उलटी केली की पांढऱ्यावर निळा गुणाजी.

म्हातारा विणकर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, धागा तुटल्यावर माजं तोंड असंच होतंय की." मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं.

चादर मालकांपर्यंत गेली, ती कुणी नेली हे मला ठाऊक नाही. मालक गोड माणूस होते. गोड माणसांबद्दल माझं मत तेव्हापासून वाईट आहे. त्यांनी मास्तरांना ऑफिसात बोलावलं, चहा मागवला. पत्रं लिहून घ्यायला मला तिथंच बसवलेलं होतं.

"मास्तर, जीव ओतलाय तुम्ही. मुलांची चादर म्हणून काढू या. फक्त ते कान तेवढे कमी करा."

"म्हंजे?"

"म्हणजे घोडा होईल. घोडा खपतो. गाढवाखाली कोण झोपेल, सांगा बरं."

"त्ये घोडा न्हाय. घोड्याचं तोंड असं नसतंय."

"गिऱ्हाईक तोंड बघत नाही, मास्तर. कान बघतं."

मास्तरांनी चहाला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "त्याचं ध्यान कानात हाय, मालक. कान काढले तर तो मागावर नुसता बसलाय. काम करत न्हाय." मालक समजुतीनं हसले. मग माझ्याकडं वळले. "काय बाई, तुमच्याकडं तर गावोगावच्या दुकानदारांची पत्रं येतात. तुम्ही सांगा. गाढव खपेल की घोडा?"

मला खरं काय ते विचारलं होतं आणि मी खरं ते सांगितलं.

"घोडा खपेल," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"मानूस," ते म्हणाले.

त्या शब्दाचा अर्थ त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना कळला. मालकांना वाटलं, मास्तर माझी तारीफ करताहेत.

कान कमी करून नवा कागद काढायला मास्तरांनी नकार दिला. मालकांना त्याची गरजही पडली नाही. त्यांनी नागेशला सांगितलं, माळेतनं कानांचे पुठ्ठे सोडवून काढ आणि वरखालचे दोरे एकमेकांना बांधून टाक. एकशे बारा पुठ्ठे. नागेश रडकुंडीला आला होता, पण त्याच्या घरात पाच माणसं खाणारी होती. मास्तर खोलीच्या दारात उभे राहून ते बघत होते. एवढंच म्हणाले, "मालक, काठाची वेलबी त्याच पुठ्ठ्यांत हाय. ती तुटंल." मालक म्हणाले, "कोण बघतंय काठाकडं."

कान निघाले. डोक्यावर दोन बुंधे तेवढे राहिले. आणि मास्तरांनी सांगितलं तसंच झालं. काठावरची वेल खालून वळणं घेत यायची आणि बरोबर डोक्याच्या उंचीला तटकन तुटायची. तिथून वीतभर पुढं गेलेली वेल पुन्हा सुरू. दोन्ही बाजूंना, प्रत्येक चादरीवर. विणणाऱ्याला ते लांबूनही दिसेल. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी भिंग, पेन्सिली आणि बिस्किटांचा डबा पिशवीत भरला. मग नागेशच्या बाकाखाली पडलेले ते एकशे बारा पुठ्ठे उचलले, क्रमानं लावले, दोरा ओवून बांधले. फाटकावर रखवालदारानं अडवलं. कारखान्याचा माल बाहेर न्यायला चिठ्ठी लागते. मास्तरांनी गठ्ठा त्याच्यापुढं धरला. "मालकानं टाकून दिलेलं हाय. इच्यार जाऊन." रखवालदार विचारायला गेला नाही. मी खिडकीतून पाहत होते. मी खाली जाऊन एक शब्द बोलू शकले असते. गेले नाही. पत्रं टपालात टाकायची होती, आणि हे कारण तेव्हाही मला पुरेसं वाटलं नव्हतं.

घोडा छाप चादर खपली. मी बरोबर होते. पहिली दोन वर्षं तर गठ्ठे पुरत नव्हते. ती सगळी पत्रं मी लिहिली. "आपल्या मागणीप्रमाणे घोडा छाप पाठवीत आहोत." वेळापूरच्या एका दुकानदारानं उलट लिहिलं, माल चांगला आहे पण गिऱ्हाईक म्हणतं हे कुत्रं हाय का मांजर हाय, कृपया खुलासा करावा. मालक ते वाचून खूप हसले. मला खुलासा लिहायला सांगितला आणि मी लिहिला. तो घोडा आहे म्हणून.

नागेशनं पुढं मला एकदा सांगितलं की मास्तर दुसऱ्या एका कारखान्यात गेले, तिथं गुलाब आणि मोरच काढतात, आणि कुणी चूक केली तरी "मानूस" म्हणत नाहीत. गप्प असतात. हे ऐकून मला आला तो राग कुणावर होता ते मी ठरवत बसले नाही.

आणखी काही वर्षांनी कारखान्यानं जुने माग काढून टाकले. तेव्हा मी मोठ्या कारकुनाच्या जागेवर होते. पहिल्यांदा नोकरीतला अधिकार वापरावासा वाटला. गुदामात जाऊन घोड्याची माळ शोधू लागले. सगळी उरलेली माळ, डोक्यापासून पायांपर्यंत. रंगखान्यातल्या माणसानं सांगितलं, "जुने पुठ्ठे व्हय? ते गेल्या आठवड्यातच भट्टीत घातले की, बाई. कोरडे व्हते, लई छान पेटले."

त्या रविवारी मी मास्तरांचं घर विचारत गेले. एका खोलीचं घर, दाराशी त्यांची बायको सुपात तेंडूची पानं घेऊन विड्या वळत बसलेली. तिनं तेलुगूत आत हाक दिली. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. भिंग गळ्यात नव्हतं. डोळे पांढुरके झाले होते. मी हाक मारली, त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"कारकूनबाई."

"हो."

"बसा."

बिस्किटांचा डबा फळीवर होता, छत्तीसच्या छत्तीस त्यात असावेत. भिंतीला खिळ्यावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा टांगलेला. मी उंबऱ्यावर बसून आल्याचं कारण सांगितलं. उरलेली माळ आणायला गेले होते, ती जळाली. लपवाछपवी मला जमत नाही.

त्यांनी भिंतीवरच्या गठ्ठ्याच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे आता एवढाच गुणाजी."

"मास्तर, अजून राग आहे?"

"हाय की. का नसावा?"

मला बरं वाटलं. राग गेला असं ते म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

त्यांनी हात वर करून गठ्ठा खिळ्यावरून काढला, मांडीवर घेतला. पहिला पुठ्ठा उलगडला आणि भोकांवरून अंगठा फिरवू लागले. डावीकडून उजवीकडं, मग पुढचा पुठ्ठा. वाचल्यासारखं. "हितं दोन्ही कान सुरू झाले," ते म्हणाले. वीस-पंचवीस पुठ्ठे गेले. "ह्यो उजवा. सरळ हाय." आणखी काही. मग अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. "हितं डावा वाकतोय. तीन घरं. बघा."

मी बघायला दारातून पुढं वाकले. मला पुठ्ठ्यावर नुसती भोकं दिसली.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी मान वर करून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, दोन घरं उजवीकडं सरका. उजेड अडतोय."

मी सरकले.